दिवसा गुरे, सांजेला अक्षरे

लग्नपत्रिकेवर ‘गोरज मुहूर्तावर’ हे शब्द आपण सर्वांनीच वाचलेले असतात. शहरातल्या मंगल कार्यालयात तो मुहूर्त घड्याळाकडे पाहून साधतात. घरी परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ तेथे कोणाच्या शालू-शेल्यावर बसत नाही. ज्या दृश्यावरून हा शब्द आला, ते प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आमच्या साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात यावे. पाऊस ओसरला, की कोंडाईबारीच्या अलीकडच्या टेकड्यांवरून दिवेलागणीला गुरे उतरू लागतात. त्यांच्यामागून हातात काठी घेतलेली, दहा-बारा वर्षांची पोरे येतात. गुरे दावणीला लागली, शेळ्या कोंडल्या, पाण्याचे दोन हंडे भरले आणि कडेवरचे धाकटे भावंड आईच्या हवाली केले, की या पोरांचा दिवस संपतो. मग एखाद्या समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कोणाच्या पडवीत त्यांची शाळा भरते.

या सायंशाळेविषयी दिवाळीच्या अंकातच लिहावे, असे मला वाटले, त्याला कारण आहे. ते ओघात पुढे येईलच. प्रारंभीच सांगते, की मी शिक्षणशास्त्रातली कोणी अधिकारी व्यक्ती नव्हे. धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. माझ्या वर्गात येणारी मुले अकरा-बारा वर्षे शिकून, गाळून-चाळून आलेली असतात. जी वाटेतच गळाली, त्यांची ओळख मला फार उशिरा झाली, आणि तीही माझ्या एका विद्यार्थ्यामुळे.

साक्रीचा मुलूख

ज्यांनी हा भाग पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती दिली पाहिजे. साक्री गाव कान नदीच्या काठी आहे. तालुक्याचे ठाणे पूर्वी पिंपळनेरला होते, ते पांझरेच्या काठी. सुरतेहून धुळ्याकडे येणारा हमरस्ता नवापूर, विसरवाडी करीत कोंडाईबारीचा घाट चढतो आणि दहिवेलवरून साक्रीला येतो. तालुक्याचा पूर्वभाग कोरडा. तेथे बाजरी आणि कांदा. पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे जवळ येतात, पाऊस वाढतो, भात-नागली दिसू लागते. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि कोकणा समाजाची. जमिनी थोड्या आणि त्याही उताराच्या. पावसाळ्याचे चार महिने सरले, की पोटाचा प्रश्न उभा राहतो.

अशा घरात मूल म्हणजे खाणारे तोंड तर खरेच, पण त्याहून अधिक ते काम करणारे दोन हात असते. सात वर्षांचे पोर शेळ्या सांभाळते. नऊ वर्षांची मुलगी पाळण्यातल्या भावाची अर्धी आई असते. अकराव्या-बाराव्या वर्षी कांद्याची रोपे लावायला, निंदणीला, कापूस वेचायला ती बायांच्या ओळीत जाते. खानदेशात सालदारकीची जुनी चाल आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल बदलते; धान्य आणि रोकड ठरते. सालदाराचा मुलगा त्याच शेतकऱ्याची गुरे राखतो, हे ओघानेच येते. त्याची वेगळी बोली कोणी करीत नाही. पोराचे काम कोणाच्याही वहीत मांडले जात नाही, म्हणून ते काम आहे, असेच कोणाला वाटत नाही.

आज जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांपर्यंत पोचली आहे. आश्रमशाळा आहेत. पटावर या मुलांचे नाव असते. परंतु पटावर नाव असणे निराळे आणि शाळेत बूड टेकून बसणे निराळे. शाळा साडेदहाला भरते, शेळ्या त्याआधीच रानात गेलेल्या असतात. शाळेची वेळ आणि शेळीची वेळ यांचे भांडण लागले, की घरात शेळी जिंकते. आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे यावर आपण शहरात चटकन म्हणतो. मला तसे आढळले नाही. किंमत त्यांना चांगली कळते. आज दुपारच्या भाकरीची किंमत मात्र त्यांना त्याआधी चुकवावी लागते.

जोतीरावांच्या घरचा दिवा

दिवसभर राबणाऱ्याने रात्री शिकावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुलींची शाळा काढून सात वर्षे झाल्यावर, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. शेतकरी आणि मजूर दिवसाचे काम आटोपून तेथे अक्षरे गिरवायला येत. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. मला या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात. स्वतः रात्रीची शाळा चालवणारा माणूस सरकारकडे रात्रीच्या शाळा मागत नाही, तो दिवसाची आणि सक्तीची शाळा मागतो. ‘आज जे राबताहेत त्यांच्यासाठी रात्रीचा दिवा, पण उद्याच्या पोरांना तो लागू नये’ असाच त्यांचा हिशेब असला पाहिजे.

सक्तीचे शिक्षण प्रथम अमलात आणले, ते आमच्या शेजारच्याच एका मुलाने. साक्रीच्या दक्षिणेला मालेगाव तालुका लागतो. तेथल्या कवळाणे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तोवर त्याला धड शिक्षण मिळालेले नव्हते. पण याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानात लागू केला. अक्षर वेळेवर न मिळाल्याचे दुःख ज्याला ठाऊक असते, तोच त्याची घाई करतो.

स्वातंत्र्यानंतरची एक मोहीम जुन्या वाचकांना आठवत असेल. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढ माणसे पाटी घेऊन बसत. गाव साक्षर झाले, की ग्रामगौरव समारंभ होई. तो उत्साह खरा होता. परंतु ज्यांनी अक्षरे शिकून घेतली, त्यांच्या हाती पुढे वाचायला काही पडले नाही, त्यांतल्या कित्येकांची अक्षरे पुन्हा पुसली गेली. शिवाय ती मोहीम मोठ्यांसाठी होती. गुरांमागे जाणारे पोर तिच्या कक्षेत येत नव्हते.

शाळा मुलांकडे गेली

त्या पोराचा विचार प्रथम कोणी केला, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढल्यानंतर पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथल्या आदिवासी वस्तीत त्यांना हेच आढळले, की मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. तेव्हा शिक्षकच गुरांच्या कुरणात जाऊ लागला. झाडाखाली पाटी, भोवती चरणारी गुरे, दगड-पाने-बिया हेच मोजण्याचे साहित्य. या शाळेला त्यांनी ‘कुरणशाळा’ असे सुरेख नाव दिले. मराठीची शिक्षिका म्हणून मला हा शब्द फार आवडतो. मूल शाळेत आले नाही, तर त्यात मुलाचा दोष असे आपण धरून चालतो; या शब्दात दोष शाळेकडे घेतला आहे.

दुसरा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतला. जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने १९६६ साली, ज्यांना पूर्णवेळ शाळा शक्य नाही, अशा मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाची शिफारस केली होती. पुढे त्यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून नऊ ते चौदा वर्षांच्या काम करणाऱ्या मुलांसाठी खेड्यांत संध्याकाळचे वर्ग सुरू केले. हे काम डॉ. चित्रा नाईक यांनी नेटाने चालवले. साधारण सात ते नऊ अशी वेळ असे. कंदील असत. शिकवणारा गावातलाच तरुण किंवा तरुणी, मोठ्या पदवीचा नव्हे. वर्ग कोठे आणि केव्हा भरवायचा, हे गावाने ठरवायचे. परीक्षेची धास्ती नव्हती. पुष्कळ गावांची मुले एकत्र जमवून जत्रा भरवायची आणि खेळता-खेळता कोणाला काय येते, ते पाहायचे. या वर्गांना मुली फार येत. कारण उघड आहे: दिवसाच्या शाळेने ज्यांना सर्वांत आधी गमावले, त्या मुलीच होत्या.

ओट्यावरचा वर्ग

आता माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. तो पश्चिम पट्ट्यातल्या एका पाड्यावरचा. द्वितीय वर्षाला असताना निबंधात त्याने लिहिले, की आपण रात्री पाड्यावर ‘शाळा घेतो’. मला वाटले, अलंकारिक काही असेल. विचारले, तर खरोखरच घेत होता. दोन वर्षांपूर्वी आश्विनात मी त्याच्याबरोबर तेथे गेले.

ओट्यावर सतरा मुले होती. सर्वांत लहान सहा वर्षांचे, सर्वांत थोरला पंधराचा. डोक्यावर विजेचा एक दिवा होता. खेड्यांतल्या भारनियमनाच्या वर्षांत तेथे रॉकेलचा कंदील असे, असे तो म्हणाला. गंमत पाहा: याच तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला. वारा आमचा, ऊन आमचे. दिवा मात्र पाड्यावर सर्वांत शेवटी पोचतो.

पहिली पंधरा मिनिटे तो कोणालाच शिकवीत नाही. मुले बसतात, बोलतात, आज कोणाची शेळी कोठे गेली, कोणाला साप दिसला, ते सांगतात. त्यातलाच एखादा शब्द तो फळ्यावर लिहितो. त्या दिवशी शब्द ‘साप’ होता. ‘साप’ लिहून झाल्यावर त्याने ‘स’ पुसून ‘बा’ लिहिले, मग ‘ता’, मग ‘मा’. बाप, ताप, माप. मोठ्या मुलांनी ‘माप’ या शब्दावर गणित केले. अमुक टन ऊस तोडला, टनाला भाव अमुक, उचल अमुक घेतली, तर बाकी किती? ही उदाहरणे कोणत्याही पाठ्यपुस्तकातली नव्हती. ती त्यांच्या घरातली होती.

हिशेबात या मुलांचा हात धरणे सोपे नाही. एक मुलगी, असेल अकरा-बारा वर्षांची, अडीच किलो कांद्याचे पैसे तोंडी सांगून मोकळी झाली. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, अडीचकी पाठ असे, तसे तिला बाजाराने शिकवले होते. पण तोच आकडा फळ्यावर लिहायला सांगितला, तेव्हा खडू तिच्या हातात अवघडला. ज्ञान होते, खूण नव्हती. तिला सारे शिकवायचे नव्हतेच. जे येत होते ते कागदावर कसे उतरवायचे, एवढेच सांगायचे होते.

साडेआठच्या सुमारास एक गुराखी पोर भिंतीला टेकून पेंगू लागले. माझ्या विद्यार्थ्याने त्याला हलवले, तर ते म्हणाले, “माले झोप ई राहिनी.” त्याने त्याला झोपू दिले. मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाला, “मॅडम, पहाटे पाचला उठलाय तो. इथे झोपला तरी चालेल. उद्या येईल तर.” शिक्षणशास्त्राच्या पदविकेत हे कोणी शिकवीत असेल, असे मला वाटत नाही.

‘माले’ आणि ‘मला’

भाषेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आमच्या भागात घरोघर अहिराणी, पश्चिमेला कोकणी, भिली. मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणणाऱ्या घरातून पोर शाळेत येते आणि तेथे पहिल्याच दिवशी त्याचे ‘माले’ चुकीचे ठरते, ‘मला’ बरोबर. तोंड उघडले, की चूक. मग ते तोंड मिटते. वर्षभर मिटलेले राहिले, की आपण त्याला मठ्ठ ठरवतो.

खरे तर याच खानदेशाच्या मातीत, जळगावकडे, बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. आज आम्ही त्या पदवीच्या वर्गात शिकवतो. त्यांचे गाणे उतरून घेणारे कोणी घरात होते, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. घरच्या बोलीला शाळेत पाट मिळाला, तर मूल प्रमाणभाषेचा उंबरठाही आनंदाने ओलांडते. ओट्यावरच्या वर्गात हे आपोआप घडते, कारण शिकवणाराच त्या बोलीतला असतो.

कायदा काय म्हणतो

आता वाचकांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. मुलांना दिवसा राबू द्यायचे आणि रात्री दोन अक्षरे शिकवून समाधान मानायचे, ही गरिबांची फसवणूक नव्हे का? श्रीमंतांच्या मुलांना सूर्याची शाळा आणि गरिबांच्या मुलांना कंदिलाची?

ही शंका देशातल्या जाणत्यांनी फार पूर्वी घेतली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनौपचारिक शिक्षणकेंद्रांना मोठे स्थान दिले, तेव्हा हे दुय्यम दर्जाचे शिक्षण होईल, अशी टीका झाली. पुढे शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्णवेळ शाळा, हा आता हक्क आहे. जे मूल शाळेत गेलेच नाही किंवा मध्येच सुटले, त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, असे त्या कायद्यात आहे. म्हणजे सायंशाळा ही दिवसाच्या शाळेची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. १८८२ साली जोतीरावांनी जे मागितले, ते कागदावर यायला एकशे सत्तावीस वर्षे लागली.

बालकामगारांच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी आली. परंतु शाळेनंतर किंवा सुटीत घरच्यांना त्यांच्या व्यवसायात मदत करण्यास मुभा राहिली. शहरात बसून वाचले, तर ही मुभा निरुपद्रवी वाटते. वडिलांच्या दुकानात पोराने तासभर बसले, तर काय बिघडले? पाड्यावर मात्र ‘घरची मदत’ हीच मुलीची सारी दिनचर्या असते. तिचा कोणी मालक नाही, तिला मजुरी नाही, म्हणून ती बालकामगारही नाही. आणि ती शाळेत नाही, म्हणून विद्यार्थिनीही नाही.

कायद्याच्या दोन फळ्यांमधल्या या फटीतून जी मुले खाली पडतात, त्यांच्यासाठी हा ओटा आहे. तो मुक्कामाची जागा नव्हे, चढण्याची पायरी आहे. माझा विद्यार्थी हे ओळखून होता. कोणाला वाचायला येऊ लागले, की तो दिवसाच्या शाळेतल्या गुरुजींना जाऊन भेटे, मुलाच्या बापाशी बोले, शेळ्यांची पाळी भावंडांत वाटून देण्याची खटपट करी. वर्षभरात सहा मुले अशी दिवसाच्या शाळेत नियमित झाली. त्याचा हिशेब त्या सहांचा असे, ओट्यावर किती जमले याचा नव्हे.

दिवाळीनंतर

आता दिवाळीचे कारण सांगते. आपल्याकडे दिवाळी सणांची राणी. या पट्ट्यात ती स्थलांतराची सीमारेषा आहे. दिवाळी झाली, की मुकादमाच्या गाड्या पाड्यावर येऊन उभ्या राहतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. बारडोली, नवसारी, सुरत हा तो टापू. बारडोली म्हटले, की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. पाड्यावरच्या पोराला पडाव आठवतो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात बारडोलीच्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला तेथे मोठ्या संख्येने भेटली ती खानदेशातलीच माणसे. एका जोडप्याला तेथे ‘कोयता’ म्हणतात. पुरुष तोडतो, बाई सोलून मोळी बांधते, आणि पोर हाताखाली राबते किंवा पालाच्या झोपडीत धाकट्याला सांभाळते. ते परत येतात उन्हाळ्यात, आखाजीच्या सुमारास. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र पुरतेच बुडते.

त्या रात्री वर्ग सुटल्यावर कांद्याचा हिशेब करणारी मुलगी माझ्याजवळ आली. तिने विचारले, “मॅडम, बारडोलीमा शाळा शे का?”

शाळा आहे, पण गुजरातीत, असे मी म्हणाले. तिला ते ठाऊक होते. आदल्या वर्षी ती तेथे जाऊन आली होती. दुकानांच्या पाट्या तिने पाहिल्या होत्या. “तथला अक्षरसले डोकावर रेघ नही,” ती म्हणाली. ज्या रेघेखाली अक्षरे ओळीत टांगायला ती सहा महिने शिकत होती, ती रेघच तेथे नव्हती.

तिला मागे ठेवता येईल का, याची आम्ही खटपट केली. अशा मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मूल आजीआजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. घरी आजी होतीही. पण प्रश्न दोन वर्षांच्या भावाचा होता. आई उसात असताना त्याला कोण पाहणार? आजीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. बापाने आमचे सारे ऐकून घेतले. त्याने वाद घातला नाही. तो एवढेच म्हणाला, की पोरगी राहिली तर बायको अर्धाच दिवस काम करील, आणि मग उचल फिटणार नाही. त्याच्या गणितात चूक काढता आली नाही. भाऊबीज झाल्यावर ती गेली.

जाताना माझ्या विद्यार्थ्याने तिला एक वही दिली आणि सांगितले, की रोज एक ओळ लिही. काय लिहायचे, ते तिचे तिने ठरवले. आखाजीला ती परत आली, तेव्हा ती वही आम्ही पाहिली. पहिल्या पानांवर भावाचे नाव, आजीचे नाव, ‘ऊस’, ‘थंडी’. पुढे ओळी संपल्या आणि आकडे सुरू झाले. गुजराती अक्षरे परकी असली, तरी गुजराती आकडे आपल्या आकड्यांचे सख्खे भाऊ आहेत. मोळ्यांची गाडी वजन होऊन आली, की बापाच्या हातात चिठ्ठी पडे. तिने त्या चिठ्ठ्यांवरचे वजन तारीखवार उतरवून ठेवले होते. सुमारे दीड महिन्याचे. नंतरची पाने नव्हती. ओल्या पाल्यावर चूल पेटत नव्हती, म्हणून ती गेली, असे तिने सांगितले.

हिशेबाच्या दिवशी बापाने ती वही मुकादमापुढे ठेवली. मुकादमाने ती उलटसुलट करून पाहिली आणि मग चिठ्ठ्या पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतल्या. किती फरक निघाला, ते बापाने आम्हांला सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण त्यानंतर तो दोनदा स्वतः होऊन ओट्यावर येऊन बसला.

या वर्षी तिचा भाऊ चार वर्षांचा झाला आहे. तो अंगणवाडीत जातो आणि तेथे जेवतो. आजीपाशी त्याला ठेवता येईल, असे आता घरात बोलणे चालू आहे. तसे झाले, तर मुलगी यंदा मागे राहील. मुकादमाची उचल मात्र यंदाही घेऊन झाली आहे.

आपण काय करावे

हे सारे वाचून ‘मग आम्ही काय करावे’ असे शहरातल्या वाचकाने विचारले, तर मी त्याला पाड्यावर येऊन वर्ग चालवायला सांगणार नाही. ते काम पाड्यावरचाच कोणी करू शकतो. कोसबाड काय, पुण्याची खेडी काय आणि आमचा ओटा काय, सर्वत्र अनुभव एकच: शिकवणारा जवळचा हवा, वेळ मुलाच्या सोयीची हवी, अंधारात मुलींना घरी पोचवणारे कोणी हवे, आणि दिवसाच्या शाळेशी त्याची गाठ हवी. चारांतले एक जरी सुटले, तरी दिवा चार महिन्यांत विझतो. अशा तरुणाला महिन्याकाठी थोडे मानधन आणि मुलांना वाचायला पुस्तके मिळाली, तर पुष्कळ होते. आपल्या घरात मुलांची वाचून झालेली गोष्टीची पुस्तके रद्दीत जातात. ग्रामशिक्षण मोहिमेची अक्षरे नेमकी पुस्तकांअभावी पुसली गेली, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. स्थलांतर करणारे मूल केवळ उसाच्या फडात नसते. तुमच्या सोसायटीशेजारी इमारत उठत असेल, तर तेथे वाळूच्या ढिगावर ते बसलेले असते. ते आपल्या गावाहून कागद घेऊन आले असो वा नसो, जवळच्या शाळेने त्याला घेतलेच पाहिजे, असा कायदा आहे. बापाला ते ठाऊक नसते. मुख्याध्यापकांना ठाऊक असते, पण कोणी विचारत नाही. तेथवर त्या मुलाचा हात धरून जाणे, हे कोणाही गृहिणीला, निवृत्त गृहस्थाला एका सकाळीत जमण्यासारखे काम आहे.

दिवाळीच्या आठवड्यात घरोघर करंज्या-लाडूंसाठी साखर आणली जाईल. ती मुलांच्या हातूनच आणवावी, आणि ऊस कोण तोडतो, ते त्यांना सांगावे. मुले विचारतील, की त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा कोठे असते. या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नसेल, तर ते शोधण्याचे काम मोठ्यांनी आपल्या शिरावर घ्यावे. भाऊबीज झाल्यावर दहिवेलवरून गाड्या घाटाकडे निघू लागतील, त्याआधी थोडे दिवस आहेत.